चंद्रप्रभेचं टोपणभर तेल

लखनौच्या हवेत कुठल्या नाक्यावर किती धूर आहे, हे या शहरात माझ्याइतकं नेमकं कुणालाही सांगता येणार नाही. ही बढाई नाही, नोकरी आहे. मी, डॉ. चंद्रकांत खांबेटे, मूळचा सांगलीचा, गेली वीस वर्षं इथल्या एका संशोधन संस्थेत धूर मोजतो. रस्त्याच्या कडेला यंत्र लावायचं, गाळणकागदावर काजळी गोळा करायची, तिचं वजन करायचं, अहवाल लिहायचा. अहवाल दिल्लीला जातो आणि तिथे कुणीतरी तो नक्कीच वाचत असेल, अशी माझी श्रद्धा आहे.

तर २००९ सालची गोष्ट. इंदिरा नगरातल्या आमच्या कॉलनीची बैठक चालू होती. सेक्रेटरी नरेंद्र सक्सेना म्हणाले, जूनच्या पहिल्या रविवारी आपण पर्यावरण दिवस साजरा करू. मशीनवाल्याला फाटकापाशीच बोलावू आणि सगळ्यांच्या गाड्यांचं 'पॉल्यूशन' करून घेऊ. आपण ज्याला पीयूसी म्हणतो त्याला इथे सगळे सरळ 'पॉल्यूशन कराना' म्हणतात. वीस वर्षं झाली, माझ्या कानाला अजून ते खटकतं.

"शुरुआत डॉक्टर साहब की स्कूटर से हो जाए?" नरेंद्रजी म्हणाले.

मागच्या खुर्च्यांवर हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, "मशीन बेचारी का क्या क़सूर है?"

आता इथे माझी स्कूटर तुम्हाला सांगायला हवी. एकोणीसशे एकोणनव्वदचं मॉडेल, पिस्ता रंग, टू-स्ट्रोक. म्हणजे हिच्या पेट्रोलमध्येच थोडं इंजिनचं तेल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन कोरडं पडून जाम होतं. माझ्या बायकोने, मंजिरीने, तिचं नाव ठेवलंय चंद्रप्रभा. कारण लग्नानंतर पहिल्याच रविवारी मी बायकोला सोडून तीन तास स्कूटर पुसत बसलो होतो. "चंद्रकांतांची चंद्रप्रभा," ती म्हणाली, "मी आपली घरची मंजिरी." पुढे मात्र बारा वर्षं तीच चंद्रप्रभेवरून शाळेत गणित शिकवायला जात होती. आता तिच्याकडे बिनगिअरची नवी गाडी आहे, तरी नव्या गाडीला तिने अजून नाव ठेवलेलं नाही.

तर तो हशा मला झोंबला. धूर मोजण्यात हयात घालवलेल्या माणसाच्या धुराला लोक हसतात म्हणजे काय? मी उभा राहिलो आणि माझ्या त्या खास सेमिनारमधल्या आवाजात म्हणालो, "लिख लीजिए. मेरी स्कूटर फ़ेल हुई तो वहीं के वहीं कबाड़ी को दे दूँगा."

टाळ्या पडल्या. मला फार बरं वाटलं. नरेंद्रजी खरंच लिहून घेत होते, हे मात्र मला तेव्हा दिसलं नाही.

घरी आल्यावर मंजिरीला सगळं सांगितलं. ती आमटी वाढत होती. पळी तशीच हवेत थांबली.

"कुणाला विचारून बोललात?"

"अगं, ती नापास होणारच नाही. मी तिला तेल कसं घालतो ठाऊक आहे ना? लिटरला वीस मिलिलिटर. पंपावर उभं राहून घालून घेतो."

"आणि झाली तर?"

"तुला तर सुटल्यासारखंच वाटेल. सारखी म्हणत असतेस, पोर्चमध्ये जागा अडवते म्हणून."

तिने आमटी वाढली आणि आत गेली. आमटीत त्या दिवशी गूळच नव्हता. लग्नापासून एकदाही असं झालेलं नव्हतं, पण माझ्या ते डोक्यात शिरलं नाही. मी मनाशी टाळ्याच मोजत होतो.

मंगळवारी संस्थेतून येताना सहज म्हणून गोमती नगरच्या एका तपासणी केंद्रावर थांबलो. म्हटलं, आधीच आकडा पाहून ठेवावा, रविवारी उगाच धाकधूक नको. तिथल्या माणसाने मागच्या नळीत यंत्राची दांडी घातली. न जळलेल्या पेट्रोल-तेलाचा आकडा नऊ हजारांच्या आत हवा असतो. पडद्यावर आकडा चढत गेला. नऊ हजार ओलांडले, बारा ओलांडले, चौदा हजारांवर जाऊन थांबला. त्या माणसाने यंत्राला बाजूने एक चापट मारली. आकडा साडेचौदा झाला.

"भाई साहब," तो अदबीने म्हणाला, "इसको बंद कर दीजिए, पीछे लोग खड़े हैं."

मी मागे पाहिलं. लोक उभे होते, पण दिसत नव्हते.

इथून माझी मोहीम सुरू झाली. बुधवारी सकाळी स्कूटर घेऊन 'चौक' नावाच्या जुन्या बाजारपेठेत इश्तियाक मियाँकडे गेलो. चिकनच्या, म्हणजे लखनवी भरतकामाच्या कपड्यांच्या, दुकानांमागे एका गल्लीत त्यांचं गॅरेज आहे, म्हणजे एक पत्रा आणि एक बाकडं. ते चंद्रप्रभेला तिच्या तरुणपणापासून ओळखतात. त्यांनी नुसता धूर पाहिला, प्लग काढला, बोटाने पुसला आणि बोट मला दाखवलं. काळं, ओलं, चकचकीत.

"तेल ज़्यादा पी रही है, डॉक्टर साहब."

"नामुमकिन. तेल मैं नाप के डालता हूँ."

"आप नापते होंगे," ते म्हणाले, "ये तो पी रही है."

आता बघा, बाकड्यावर बसलेल्या त्या माणसाने एक बोट फिरवून नेमका रोग सांगितला होता. पण माझ्या डॉक्टरेटचा काही मान आहे की नाही? मी त्यांना समजावून सांगितलं की तेलाची शक्यता बाद आहे, आपण बाकीची कारणं एकेक करून तपासू. इश्तियाक मियाँनी मान डोलवली. त्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर धुतला आणि शेवटी, माझं मन मोडायचं नाही म्हणून असेल, म्हणाले, "साइलेंसर में काजल जम गया होगा. जलवा लीजिए."

सायलेन्सर जाळणं म्हणजे तो काढून आगीवर धरायचा, की आत साठलेली तेलाची काजळी जळून जाते. काम त्यांनीच करायचं होतं. पण मी म्हटलं, छे, ही तर साधी ज्वलनक्रिया, घरी करू.

गुरुवारी संध्याकाळी आमच्या अंगणात मी चार विटा मांडल्या, कोळसे पेटवले आणि सायलेन्सर त्यावर ठेवला. पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग त्याच्या दोन्ही तोंडांतून धूर यायला लागला. काळा, दाट, तेलकट. वीस वर्षांत असा नमुना मला एकाही नाक्यावर मिळाला नव्हता. तो आधी आमच्या घरात गेला, तिथे समाधान झालं नाही म्हणून भिंतीवरून पलीकडे सक्सेनांच्या गच्चीवर गेला. तिथे सक्सेना भाभींनी लोणच्यासाठी कैऱ्यांच्या फोडी वाळत घातल्या होत्या.

आणि नेमके तेव्हाच नरेंद्रजी फाटकातून आत आले. हातात पत्रकांचा गठ्ठा. खोकत खोकत त्यांनी एक पत्रक माझ्या हातात दिलं. वर 'स्वच्छ हवा, हमारा हक़'. त्याखाली ठळक अक्षरांत, 'डॉ. खांबेटे जी की प्रतिज्ञा'. आणि खाली माझं वाक्य, कबाड़ीसकट, जसंच्या तसं.

"चार सौ छपवाए हैं," ते डोळे पुसत म्हणाले. धुरामुळे पुसत होते. "कबाड़ी को भी बोल दिया है. रविवार दस बजे ठेला लेकर आ जाएगा. आपके ऊपर पूरा भरोसा है, बस माहौल के लिए."

त्या वर्षी सक्सेनांच्या लोणच्याला वांग्याच्या भरतासारखा वास होता. भाभींनी एक बरणी आम्हाला न चुकता पाठवली.

रात्रीच्या जेवणाला मंजिरीने पत्रक वाचलं, घडी घातली आणि फ्रिजवर ठेवलं.

"ठेला येणार आहे?" तिने विचारलं.

"माहौलसाठी."

"सोळा वर्षांचा होता बाबांचा बैल. त्यालासुद्धा त्यांनी असं भर बैठकीत विकायला काढलं नव्हतं," ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

आमचा मुलगा राजस बारावीत. मराठी सगळी कळते, उत्तर हिंदीत देतो. तो म्हणाला, "बाबा, सच बताऊँ? मम्मी कई दिन से ठीक से बात नहीं कर रही. आप सॉरी बोल दो ना यार."

"सॉरी कशाचं? रविवारी पास झाली की आपोआप बोलेल."

पण आता मला भीती वाटायला लागली होती. ठेल्यावर आडवी पडलेली पिस्ता रंगाची चंद्रप्रभा मला डोळ्यांसमोर दिसायला लागली. या स्कूटरवरून मी मंजिरीला पहिल्यांदा लखनौ दाखवलं. आणि या स्कूटरनेच तिला एकदा भर रस्त्यात उतरवलं, तेही सांगून टाकतो.

ब्याण्णव सालचा मे महिना. मंजिरीला सातवा महिना होता, राजसच्या वेळचा. चौकातल्या डॉक्टरीणबाईंना दाखवून येत होतो. त्या आठवड्यात मी पेट्रोल भरलं आणि तेल घालायला विसरलो. पार विसरलो. चौकातल्या भर गर्दीत चंद्रप्रभा एकदा घरघरली आणि जागच्या जागी जाम झाली. इंजिनातला दट्ट्या कोरडा पडून अडकला होता. एका चिकनवाल्याने मंजिरीला दुकानात बसवलं, पाणी दिलं, रिक्षा करून दिली. आणि मी त्या उन्हात स्कूटर ढकलत इश्तियाक मियाँचं गॅरेज शोधत फिरलो. तेव्हाच आमची ओळख झाली. घरी पोचलो तेव्हा मंजिरीने फक्त सरबत दिलं. एक शब्द बोलली नाही. त्या दिवसानंतर तिने तो विषय कधीच काढला नव्हता. मला वाटलं, विसरली.

शुक्रवारी मी रजा टाकली. आता शास्त्राशिवाय इलाज नव्हता. टाकीतलं शंभर मिलिलिटर पेट्रोल काढलं आणि गच्चीवर उघड्या थाळीत ठेवलं. पेट्रोल उडून जातं, तेल मागे राहतं, इतकं ते सोपं आहे. थाळी मंजिरीची होती, हे तिला नंतर कळलं. तासाभराने उरलेलं तेल मोजलं. सात मिलिलिटर.

म्हणजे शंभरात सात. असायला हवं होतं दोन.

मी हिशेब केला. पंपावरचं दोन. शिवाय, आता तुमच्यापासून काय लपवायचं, ब्याण्णव सालापासून मी पंपावरून आल्यावर घरीही थोडंसं तेल वरून घालतो. मनाच्या समाधानासाठी. प्रयोगशाळेतून आणलेल्या मोजपात्राने, म्हणजे ते अंदाजपंचे नाही. ते धरलं शंभरात एक. झाले तीन. मग वरचं चार आलं कुठून? उत्तर एकच होतं. पंपवाले पेट्रोलमध्ये भेसळ करतात!

मी संस्थेतले दोन गाळणकागद आणि टाकीतल्या पेट्रोलची बाटली घेतली आणि पंपावर गेलो. पंपावर पाटीच लावलेली असते की गिऱ्हाइकाला गाळणकागदाची चाचणी मागायचा हक्क आहे. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा. शुद्ध असेल तर उडून जातो, भेसळ असेल तर डाग राहतो. तो हक्क मी मोठ्याने मागितला. मॅनेजर बाहेर आले. बघता बघता तीस माणसं जमली. कुणी सांगत होतं छापा पडलाय, कुणी सांगत होतं टीव्हीवाले आलेत.

थेंब पडला. मी घड्याळ धरून उभा. दोन मिनिटांत कागद कोरा करकरीत.

तेलाचं यंत्रही मी माझ्या मोजपात्राने तपासलं. वीसला वीस. एक थेंब इकडे नाही की तिकडे नाही.

मॅनेजर भला माणूस. आवाज न चढवता म्हणाले, "डॉक्टर साहब, अब अपनी शीशी से भी एक बूँद डाल दीजिए. सब देख रहे हैं."

टाकला. तो थेंब काही उडाला नाही. कागदावर गोल, तेलकट डाग पसरला, गरम पुरी काढून ठेवावी तसा. गर्दीतून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले, डागाकडे पाहिलं आणि मला दिलासा देत म्हणाले, "कोई बात नहीं. घर में देखिए, घर में."

मी घरी आलो. ते वाक्य डोक्यातून जाईना. घर में देखिए.

शनिवारी सकाळी सातला मी दिवाणखान्याच्या पडद्यामागे जाऊन उभा राहिलो. पोर्च तिथून स्पष्ट दिसतो. सव्वासातला मंजिरी बाहेर आली. इकडेतिकडे पाहिलं. पदराखालून एक तेलाची बाटली काढली आणि एक छोटं प्लॅस्टिकचं टोपण. टोपण मी लगेच ओळखलं. राजस लहान असताना खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर यायचं ते, पाच आणि दहाच्या खुणा असलेलं. तिने चंद्रप्रभेची सीट उचलली, टाकीचं झाकण काढलं, टोपण उजेडात धरून नीट खुणेपर्यंत भरलं, दोनदा ओतलं, झाकण लावलं आणि सीटवरून हात फिरवून आत निघून गेली.

मी जागेवरून हलणार, एवढ्यात पलीकडच्या दाराने राजस आला. हातात पाण्याची जुनी बाटली. सीट उचलली, झाकण काढलं, बाटली उपडी केली. मोजमाप वगैरे काही नाही. पोरगा माझा आहे यावर क्षणभर शंकाच आली.

"थांब!" मी पडद्यातून बाहेर आलो. माझ्या आवाजाने मंजिरीही परत आली. हातात टोपण तसंच.

आम्ही तिघं स्कूटरभोवती उभे राहिलो.

"हे कधीपासून?" मी मंजिरीला विचारलं.

"ब्याण्णवपासून," ती म्हणाली. "दर पेट्रोलला दोन टोपणं."

"पण तेल मी घालतो ना!"

"घालता. पण एखादे वेळी विसरलात तर?"

सतरा वर्षं ती तो विषय काढत नव्हती, कारण तिने त्याची व्यवस्था लावून टाकली होती. मी राजसकडे वळलो.

"मम्मी ने ही बताया था, बाबा तेल भूल जाते हैं," तो म्हणाला. "दो साल से कोचिंग मैं ले जाता हूँ ना. तो सेफ़्टी के लिए डाल देता हूँ. मुझे क्या पता मम्मी भी डाल रही है."

"मला काय माहीत हा पण घालतोय," मंजिरी म्हणाली. मग माझ्याकडे रोखून पाहिलं. तिची शाळेतली नजर. "आणि तुम्ही? फक्त पंपावरचंच?"

मी मोजपात्र आणून दाखवलं. ती हसायला लागली. हसता हसता पोर्चच्या पायरीवर बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बैठकीच्या दिवसानंतर पहिल्यांदा ती अशी हसली. त्या बिचाऱ्या स्कूटरला आम्ही तिघं मिळून माहेरी आलेल्या लेकीसारखं वाढत होतो, आणि नापास झाली म्हणून दोष तिच्या सायलेन्सरला.

मग मी शास्त्रीय पद्धतीने सूत्रं हातात घेतली. टाकी पूर्ण रिकामी केली, ते तेलकट पेट्रोल इश्तियाक मियाँना सुटे भाग धुवायला देऊन टाकायचं ठरलं. तिघांनी सीटवर हात ठेवून शपथ घेतली की यापुढे तेलाला घरात कुणी हात लावणार नाही. तेल जाईल ते एकदाच, पंपावर. मंजिरीची बाटली आणि टोपण मी जप्त केलं आणि माझ्या मोजपात्रासकट कपाटात कुलूपबंद केलं.

आता पंपावर जायला मला शुक्रवारमुळे तोंड नव्हतं. राजसला कॅन दिला आणि म्हटलं, "दोन लिटर आण. नेहमीसारखं."

तो घेऊन आला. टाकीत ओतलं. संध्याकाळी मंजिरीने विचारलं, "तेलाचं झालं ना हो?"

"झालं," मी म्हणालो. त्या सेमिनारमधल्या आवाजात.

रविवारी सकाळी दहाला फाटकापाशी मांडव, पाण्याचं पिंप, लाउडस्पीकर आणि मशीनवाला. ठेलाही आला होता. कबाड़ी तराजू पुसून बसला होता. अख्खी कॉलनी जमली होती, कारण चारशे पत्रकं वाटली गेली होती आणि ऐंशीच घरं होती. मी चंद्रप्रभेला घेऊन पुढे झालो. मंजिरी रणरणत्या उन्हात पहिल्या रांगेत उभी होती, दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून. तिच्याकडे बघून मला पहिल्यांदाच कळलं की तिचं यात किती अडकलंय. मनात म्हटलं, देवा, माझं नाक कापलं गेलं तरी चालेल, पण ही स्कूटर हिच्याकडे राहू दे.

किक मारली. चंद्रप्रभा सुरू झाली. धूर? शोधावा लागत होता. दांडी नळीत गेली, आकडा चढायला लागला. दोन हजार, तीन, साडेतीन. पावणेचार हजारांवर स्थिर झाला. मशीनवाल्याने या वेळी चापट मारली नाही. त्याने उठून स्कूटरला सलाम केला.

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! नरेंद्रजींनी मला हार घातला, दुसरा हार चंद्रप्रभेला घातला, आणि लाउडस्पीकरवरून सांगितलं की इतक्या जुन्या स्कूटरचा इतका स्वच्छ धूर मशीनवाल्याने आजवर पाहिला नाही. कबाड़ीसुद्धा टाळ्या वाजवत होता. मंजिरीने पर्सचा पट्टा सोडला आणि रुमालाने चेहरा पुसला.

"अब स्वच्छ हवा रैली!" नरेंद्रजींनी जाहीर केलं. "आगे-आगे डॉक्टर साहब और भाभीजी!"

मंजिरी मागे बसली, हार सांभाळत. आम्ही निघालो. पुढे चंद्रप्रभा, मागे सायकली, स्कूटर, एक गाडी, आणि ठेल्याला दुसरं काम नव्हतं म्हणून तोही. लोकांनी चालत यावं म्हणून सगळं पहिल्या गिअरमध्ये, बेचाळीस अंशांच्या उन्हात. कॉलनीच्या तीन फेऱ्या झाल्या. मी हात हलवत होतो. मंजिरी कानाशी म्हणाली, "छान चालतेय हो. आवाज जरा कोरडा येतोय, पण."

"स्वच्छ येतोय," मी म्हणालो.

चौथ्या फेरीला, मांडवापासून पन्नास पावलांवर, चंद्रप्रभा एकदा घरघरली आणि जागच्या जागी थांबली. मागची सायकल आमच्यावर आदळली. मी किक मारायला गेलो, किक खालीच जाईना. ती थांबण्याची तऱ्हा मी ओळखली. मंजिरीनेही ओळखली.

मी राजसला शोधलं. तो धावतच आला.

"राजस, पेट्रोलमध्ये तेल घालून घेतलंस ना?"

"नहीं," तो म्हणाला. "आपने ही तो कल क़सम खिलाई थी. तेल को कोई हाथ नहीं लगाएगा."

"नेहमीसारखं आण म्हटलं होतं मी."

"कॅन में तो हमेशा प्लेन ही लाता हूँ, जनरेटर के लिए."

लिटरला वीसही नाही, एकही नाही. शून्य. सलाम ठोकण्याइतका स्वच्छ धूर उगाच नव्हता आला. कबाड़ी ठेला घेऊन हळूहळू पुढे येत होता. त्याने अदबीने नरेंद्रजींना विचारलं, "हुज़ूर, ये फ़ेल में गिनी जाएगी?"

नरेंद्रजी गांगरले. त्यांनी पत्रक उघडून माझी प्रतिज्ञा पुन्हा वाचली. "नहीं भाई," ते म्हणाले, "पास तो हो गई है. सर्टिफ़िकेट कट चुका है. अब चलती नहीं है, वो अलग बात है."

आम्ही तिघांनी हार घातलेली चंद्रप्रभा ढकलत घरी आणली. मी हँडल धरलेलं, राजस मागून, मंजिरी बाजूने सीटवर हात ठेवून. कुणी काही बोललं नाही. मंजिरी तर अजिबातच नाही. मला ब्याण्णव सालचं सरबत आठवायला लागलं.

घरी आल्यावर तिने सरबत केलं, सगळ्यांना दिलं. मग माझ्यासमोर हात पुढे केला. "कपाटाची किल्ली."

मी दिली. ती टोपण आणि तेलाची बाटली घेऊन पोर्चमध्ये गेली. राजसकडून पाना घेतला, प्लग काढला आणि त्या भोकातून टोपणाने तेल सोडलं, मोजून, सावकाश. अडकलेला दट्ट्या असा तेलात भिजवून ठेवला तर कधी कधी सुटतो. हे इश्तियाक मियाँनी तिला सांगून ठेवलं होतं, कधी, ते मला आजही ठाऊक नाही.

"ब्याण्णव सालीही असंच झालं होतं," ती म्हणाली. सतरा वर्षांनी पहिल्यांदा.

"तू तेव्हा काही बोलली का नाहीस गं?"

"घरी आलात तेव्हा शर्ट पिळून काढावा इतके घामेजलेले होतात. आणि दारातच मला विचारलंत, बाळ हलतंय ना म्हणून. आता त्यावर मी काय बोलणार होते?" तिने प्लग परत बसवला. "म्हटलं, यांचं तेल आपणच बघावं."

मी तिच्याशेजारी पायरीवर बसलो. खूप काही म्हणायचं होतं. "सॉरी," एवढंच आलं. राजस आतून म्हणाला, "चलो, बोल दिया."

सोमवारी सकाळी टाकीत तेल घातलेलं पेट्रोल भरलं. सहाव्या किकला दट्ट्या सुटला, नवव्या किकला चंद्रप्रभा सुरू झाली. रात्रभर आत भिजलेलं ते सगळं तेल एकदम बाहेर आलं. पांढरा, जाडजूड धूर पोर्चमधून निघाला, अंगणात मावेना, भिंतीवरून पलीकडे गेला. मंजिरी धुरात कुठेतरी हसत होती, दिसत नव्हती.

फाटकाशी खोकल्याचा आवाज आला. नरेंद्रजी होते. हातात माझं प्रमाणपत्र, काच लावून फ्रेम केलेलं.

"डॉक्टर साहब," ते धुरात चाचपडत म्हणाले, "ये कितना होगा?"

वीस वर्षं मी या शहराचा धूर मोजत आलोय. यंत्र घरातच होतं, आतल्या खोलीत.

"आज मैं छुट्टी पर हूँ, नरेंद्रजी," मी म्हणालो आणि फ्रेम हातात घेतली.

तेल आता फक्त पंपावर घातलं जातं, एकदाच, लिटरला वीस. असं आमचं ठरलंय. खोकल्याच्या औषधाचं ते टोपण मात्र दर सोमवारी स्वयंपाकघराच्या खिडकीत धुऊन पालथं घातलेलं दिसतं. मी त्याबद्दल काही विचारत नाही. विचारलं तर ती माझ्या मोजपात्राबद्दल विचारेल.